रॅकवर पडलेली स्ट्रिप काय सांगते

मंडळी, आपण सगळे मेडिकलवाले, नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या होलसेल औषधबाजारातून माल उचलणारे, त्यामुळे बिलिंग सॉफ्टवेअर काय असतं हे मी सांगायला नको. ते सगळ्यांकडे आहे, पण बिल छापलं, जीएसटी भरला, की त्याचं काम संपलं असं आपण धरून चालतो.

आता बघा, बीपीचा पेशंट टेल्मिसार्टनच्या 30 गोळ्या नेतो, रोज एक. 45 दिवस झाले तरी तो आलेला नाही. तुमच्या रॅकवर माल पडून आहे, एक्स्पायरी जवळ येतेय, तुम्ही रिटर्नसाठी डिस्ट्रिब्युटरशी भांडताय, आणि तिकडे तो माणूस कदाचित 15 दिवस गोळीशिवाय फिरतोय! म्हणजे स्टॉकचा प्रश्न आणि पेशंटचा प्रश्न एकाच बिलात दिसतो, फक्त बिलावर त्याचं नाव आणि नंबर पाहिजे, ‘कॅश’ लिहून सोडलं तर काहीच कळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्येच सांगितलंय की श्रीमंत देशांतसुद्धा कायमच्या आजाराचे साधारण निम्मेच पेशंट औषध नीट घेतात.

पण लगेच ‘तुम्ही गोळी बंद केली’ असा मेसेज टाकू नका हां. त्याने जनऔषधीतून घेतली असेल, ऑनलाइन मागवली असेल, डॉक्टरांनी बदलली असेल. सरळ फोन करायचा, ‘काका, गोळ्या आहेत ना शिल्लक?’ एवढंच. आणि बऱ्याचदा नंबर पुण्यातल्या मुलाचा असतो, मेसेज त्याला जातो आणि काकांना पत्ताच नसतो, म्हणून नंबर कुणाचा ते आधी विचारून घ्या, परवानगीही घ्या. टीबीचं किंवा मानसिक आजाराचं औषध असेल तर मेसेजमध्ये औषधाचं नाव अजिबात नको, घरात फोन कोण बघेल सांगता येत नाही.

पेशंट गोळी घेतो का हे कळावं म्हणून टीबीसाठी आपल्याकडे 99डॉट्स नावाची पद्धत वापरली गेली, गोळी पाकिटातून काढली की मागे लपलेला नंबर दिसतो, त्यावर फुकट मिस्ड कॉल द्यायचा. भारी आहे, पण कॉल आला म्हणजे गोळी पोटात गेलीच असं नाही.

दिंडोरी-पिंपळगावकडचा द्राक्षवाला छाटणीत आणि काढणीत शहरात येतच नाही. मागच्या वर्षाची बिलं बघितली की हे दिसतं, मग सीझनच्या आधी त्याला, चिठ्ठीवर तेवढं लिहिलं असेल तर, दोन महिन्यांचं औषध द्या आणि ऑर्डरही तशीच लावा.

1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडवर क्यूआर कोड आलाय, त्यात बॅच, एक्स्पायरी सगळं असतं, बाकीच्यांची एंट्री हातानेच आणि तिथेच आपण आळस करतो. बॅच चुकली की आधी एक्स्पायर होणारा माल आधी काढायचा कसा? स्ट्रिप कापतानाही एक्स्पायरीची बाजू शेवटपर्यंत ठेवा.

हे सगळं बघायला अॅप कुठलं घ्यायचं, विचारताय? आहे त्याच सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा पेशंटवाइज सेलचा रिपोर्ट असतो. आधी तो उघडून बघा, अॅपचं नंतर बोलू.