ओली मशीन, कोरडं गाव

माईक सुरू आहे ना? मागे ऐकू येऊन राहिलं? बरं. बोर्डावर विषय लिहिलाय 'घरच्या इंकजेटवर उत्तम फोटो प्रिंट', आणि आयोजकांनी ग्रुपवर टाकून दिलं की स्क्रीनवर दिसतात तेच रंग कागदावर कसे आणायचे हे मी सांगणार. सांगतो, पण शेवटी. आधी माझं एक म्हणणं आहे ते ऐका, घरी कुणी ऐकत नाही म्हणून तर इथं आलो.

म्हणणं एवढंच की इंकजेट ही ओली मशीन आणि आपलं गाव कोरडं. तुम्ही प्रिंटिंगचे व्हिडिओ बघता ते सगळे मुंबईचे नाहीतर परदेशातले, त्यांच्या हवेतच पाणी, त्यांना नागपूरचा मे महिना काय माहीत. शाईत बहुतेक भाग पाणीच असतं, आणि ती शाई केसापेक्षा बारीक भोकांतून बाहेर पडते. एकेक थेंब दोन-तीन पिकोलिटरचा, म्हणजे एका लिटरचे एक लाख कोटी भाग करा आणि त्यातले दोन-तीन घ्या, सरकारी बजेटसारखा आकडा झाला. एपसनवाले विजेनं क्रिस्टल वाकवून हा थेंब ढकलतात, कॅनन आणि एचपीवाले शाई क्षणभर तापवून बुडबुडा करतात आणि तो बुडबुडा थेंब बाहेर फेकतो. कॅननची गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल, १९७७ साली त्यांच्या प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं, शाई उडाली आणि तिथून ही आयडिया आली. आपल्याकडे कुणाच्या हातून शाई उडाली असती तर आधी शर्टावरून बोलणी बसली असती.

तर एवढ्याशा भोकाच्या तोंडाशी पाणी उडून गेलं की काय उरतं? घट्ट रंग. बहुतेक घरगुती प्रिंटरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, १० ते ३५ अंश तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रता. मे महिन्यात बाहेर ४५ असतं, बंद खोलीत ३५ कुठून आणणार, आणि दुपारी आर्द्रता वीसच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. म्हणजे मॅन्युअलप्रमाणे नागपुरात दोन महिने प्रिंटर चालवूच नये.

पण खरा गुन्हेगार ऊन नाही. खरा गुन्हेगार भिंतीवरचा स्विच आहे. हे माझं फार जुनं दुखणं आहे, जरा वेळ लागेल.

आमचे भाऊजी, रिटायर्ड, मानेवाड्याला राहतात, माणूस सोन्यासारखा पण विजेच्या बाबतीत एकदम कडक, रात्री झोपताना घरातला एकूण एक स्विच बोर्डावरून बंद करणार. त्यांनी हौसेनं इंक टँकवाला फोटो प्रिंटर घेतला, नातीचे फोटो काढायचे म्हणून. पहिले काही महिने झकास, शेजारीपाजारी फोटो वाटून झाले. मी गेलो की सांगायचो, भाऊजी, आधी प्रिंटरचं बटन दाबा, लाईट विझू द्या, मग भिंतीवरचा स्विच बंद करा. ते म्हणायचे, "अरे बटन काय नि स्विच काय, करंट तर तिथूनच येऊन राहिला ना?"

नाही ना! बटन दाबलं की प्रिंटर जो पाच-दहा सेकंद घर्रघर्र करतो, ते उगाच नाही. त्या वेळात हेड, म्हणजे ती बारीक भोकं असलेला भाग, उजव्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि खालून रबराची गादी वर येऊन भोकं झाकते, पेनाला टोपण लावावं तशी. स्विच मधेच बंद केला तर हेड जिथं असेल तिथं उघडं. भाऊजींनी एका रात्री प्रिंट निघता निघता स्विच बंद केला, दुसऱ्या दिवशी दोघं मुलीकडे पुण्याला गेले ते थेट पावसाच्या तोंडावर परत. पूर्ण मे महिना हेड उघडं, खोली बंद, कूलर बंद. परत आल्यावर नातीचा वाढदिवसाचा फोटो काढला तर पोरगी हिरवी! गाल हिरवे, फ्रॉक हिरवा, केक पण हिरवा. ताई घाबरली, म्हणे पोरीची दृष्ट काढते. अहो दृष्ट कसली, मॅजेंटा म्हणजे गुलाबी-लाल शाई बंद पडली, उरले निळा आणि पिवळा, ते दोघं मिळून हिरवाच होणार.

इथवर ठीक होतं, पण भाऊजींनी एका दुपारी बसून हेड क्लीनिंगवर हेड क्लीनिंग मारलं. क्लीनिंग म्हणजे प्रिंटर शाई ओढून आतल्या स्पंजात टाकतो. टँक अर्धा रिकामा झाला, मग मशीननंच मेसेज दिला की स्पंज भरलाय. रिपेअरवाल्याकडे नेलं, कुठला ते विचारू नका, तो उघडून न बघताच म्हणे हेड गेलं, यापेक्षा नवीन घ्या. खरं म्हणजे अशा वेळी एक क्लीनिंग करायचं आणि मशीन रात्रभर तशीच ठेवायची. आतली ओली शाई सुकलेल्या शाईला हळूहळू सैल करते. सकाळी नोझल चेक, म्हणजे कुठल्या भोकांतून शाई येते ते दाखवणारं रेघांचं पान, काढायचा, रेघा किती भरल्या बघायच्या, मगच दुसरं क्लीनिंग. भाऊजींचा स्पंज बदलून आणल्यावर असंच केलं तेव्हा मॅजेंटा परत आला, एक-दोन रेघा अजून तुटक येतात पण नात तरी माणसात आली. स्विच मात्र ते अजूनही भिंतीवरूनच बंद करतात. आता ताईनं त्याच्यावर चिकटपट्टी लावलीय.

म्हणून नागपूरकरांसाठी माझं टाइमटेबल आहे. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी सगळे रंग असलेलं काहीतरी छापायचंच, नातवाचं चित्र असो नाहीतर लग्नपत्रिका. प्रिंटर कूलरच्या झोतात ठेवायचा नाही. लोकांना वाटतं ओलावा मिळतोय तर चांगलंच, पण त्या हवेत धूळ आणि वूडवूलचा भुसा येतो, आणि फोटो पेपर ओल धरून वाकडा होतो, मग हेड त्याला घासून काळे डाग पडतात. पावसाळ्यात उलटं, कागद झिपच्या पिशवीत बंद ठेवा, लागेल तेवढाच काढा, प्रिंट वाळायला जास्त वेळ द्या. आणि मोठं काम, अल्बम, फ्रेम, ते थंडीत करा. सरकारसुद्धा डिसेंबरातच अधिवेशनाला नागपूरला येतं, मे महिन्यात या म्हणावं!

किती वाजले? सव्वाअकरा? अरे बापरे. साडेअकराला हॉल सोडायचाय, पुढे बारसं आहे, पाळणा दारात येऊन उभा आहे. बरं, रंग. पटापट सांगतो, लिहून घ्या.

पहिलं, फाइल. एका इंचाला ३०० पिक्सेल धरा, म्हणजे ४ बाय ६ ला १२०० बाय १८००, ए-फोरला अंदाजे २५०० बाय ३५००. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो आला तर लांब बाजू १६०० च्या आसपास उरते, तिच्यावर ए-फोर काढून प्रिंटरला शिव्या देऊ नका, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. खोक्यावरचं ५७६० डीपीआय, म्हणजे इंचाला ५७६० ठिपके, हे थेंब कुठं पडू शकतात त्याचं माप आहे, फोटोच्या पिक्सेलशी त्याचा संबंध नाही.

दुसरं, आणि सगळ्यात मोठं, ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रिंट देताना प्रिंटरचं सेटिंग उघडतं तिथं, पेपर टाइप. ग्लॉसी कागद घालून सेटिंग प्लेन पेपर ठेवलं तर शाईचं प्रमाणच चुकतं, निम्म्या तक्रारी इथंच संपतात. छापायची बाजू पण बघा, जास्त पांढरी आणि गुळगुळीत ती.

तिसरं, रंग एकानंच सांभाळायचे. फोटोशॉपला कागदाचं प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर कुठला रंग कसा उतरतो ते सांगणारी फाइल, दिलं असेल तर ड्रायव्हरमधलं कलर करेक्शन बंद करा, नाहीतर दोघंही सुधारतात आणि आजीबाई लाल होतात. प्रोफाइल नसेल तर एसआरजीबी, म्हणजे साध्या स्क्रीनच्या रंगांची, फाइल द्या, सगळं प्रिंटरवर सोडा, ते बरं निघतं. आणि प्रिंट काळपट आली म्हणता ना सगळे? स्क्रीन फुल ब्राइटनेसवर ठेवून फोटो एडिट करता, कागदाला कुठला आलाय आतून लाईट. स्क्रीनजवळ पांढरा कागद धरा, दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करा.

टेस्ट प्रिंटला इंटरनेटवरचे चार्ट नकोत, ताटात चार संत्री, बाजूला घरातलं माणूस, मागे सिमेंटची भिंत, असा फोटो काढा. संत्र्याचा रंग चुकला तर नागपूरकराला लगेच कळतं, आणि भिंत गुलाबी-हिरवी दिसली तर कुठला रंग जास्त झाला ते कळतं. प्रिंट बघायची सकाळी खिडकीत, ट्यूबलाईटखाली नाही.

डाय शाई, म्हणजे विरघळलेला रंग, की पिगमेंट, म्हणजे रंगाचे बारीक कण, ते राहिलंच. थोडक्यात, डाय कागदात मुरते, चकाकी छान पण उजेडानं आणि हवेनं उडते, पिगमेंट वर बसते, जास्त टिकते, महाग पडते. भिंतीवर लावायचं असेल तर काचेमागे, एक दिवस वाळल्यावर.

हो हो, आलो, उठतोच. सॅम्पल प्रिंट पाकिटात आहेत, बघायच्या त्यांनी खाली पोह्याच्या ठेल्यावर या, प्रश्न पण तिथंच घेतो. फक्त प्रिंट तर्रीपासून लांब धरा मंडळी, सगळ्या डायच्या आहेत, ओला हात लागला की पसरतात.