पिवळ्याची बाजू

(नागपुरातल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तो कूलर जरा तिकडे वळवता का? माझे कागद उडतात, आणि मास्तरचे कागद उडाले की मास्तर मोकाट सुटतो. हं, आता ठीक.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘चौकातला कॅमेरा : कायदा, तंत्र आणि नागरिक’. छापण्याआधी मला विचारलं असतं तर मी एकच शब्द द्या म्हटलं असतं, ‘पिवळा’. लाल दिव्यावर सगळे बोलतात, हिरव्याची सगळे वाट पाहतात. मधला तो बिचारा तीन सेकंद येतो आणि जातो, त्याची कुणी चौकशीही करत नाही. ती आज करायची आहे. पण आधी एक सांगा, ई-चलन कुणाकुणाला आलंय? हात वर करा. बरेच आहेत. हात वर न केलेले दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांच्याकडे गाडीच नाही. दुसरे, ज्यांनी गाडीला मोबाईल नंबर जोडलेला नाही. दुसऱ्यांनी घरी जाऊन एकदा बघून घ्या, लोक अदालतीची नोटीस आल्यावर धावपळ नको.

गैरसमज होऊ नये म्हणून आधीच सांगतो, मी कॅमेऱ्याच्या बाजूचा माणूस आहे. आपल्या शहरात स्मार्ट सिटीच्या काळात सातशेच्या आसपास चौकांत साडेतीन हजारांवर कॅमेरे लागले, तेव्हा मला आनंदच झाला होता. कारण सोपं आहे. कॅमेऱ्याला भाचा नसतो, जावई नसतो. ‘मी कोण आहे माहीत आहे का’ असं त्याला म्हणता येत नाही. म्हणजे म्हणता येतं, पण तो काही बोलत नाही, फोटो काढतो. नंबर प्लेट वाचायचं काम सॉफ्टवेअर करतं, आणि त्याला एमएच ३१ काय, ४९ काय, नाहीतर खेड्यातून आलेली ४० काय, सारखीच. त्याची पंचाईत फक्त आपल्या कलावंतांपुढे होते. ४१४१ चं ‘दादा’ करणारे, २१४ चा ‘राम’ करणारे. सॉफ्टवेअरला दादा वाचता येत नाही. आता हाय सिक्युरिटी प्लेटा आल्या, दादा आणि राम दोघेही वनवासाला निघाले.

या कॅमेऱ्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. हॉलंडमध्ये मॉरिस गॅटसोनिडीस नावाचा एक मोटार शर्यतपटू होता. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्यानं जिंकली. वळणावरून आपण किती वेगानं जातो ते त्याला मोजायचं होतं. कशासाठी? आणखी वेगानं जाता यावं म्हणून! त्यातून वेग मोजण्याचं यंत्र निघालं, पुढे कंपनी निघाली, आणि १९६५ च्या सुमारास त्याच कंपनीनं रस्त्यावर आडव्या रबरी नळ्या टाकून सिग्नल तोडणाऱ्यांचा फोटो काढणारा कॅमेरा आणला. चाक नळीवर आलं की हवा दाबली जायची आणि फोटो निघायचा. आज नळ्या गेल्या, व्हिडिओतच एक अदृश्य रेषा आखतात, पण तत्त्व तेच. लाल लागल्यावर रेषा ओलांडली की एक फोटो रेषेच्या अलीकडचा, एक पलीकडचा. तर वेगाच्या वेडानं जन्मलेलं यंत्र आज आपल्याला वेगाबद्दल शिस्त शिकवतंय.

हे विषयांतर झालं. आता माझं चलन.

गेल्या वर्षीच्या नवतपातली, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतली गोष्ट. पश्चिम नागपुरातला एक चौक. नाव घेत नाही, तुमच्यातले निम्मे तिथूनच आलेत. स्कूटर आमच्या हिच्या नावावर, म्हणून मेसेज तिच्या मोबाईलवर. संध्याकाळी चहा करता करता ती म्हणते, “अहो, बुधवारी दुपारी सव्वातीनला तुम्ही कुठे होतात?” मी म्हटलं, “बँकेत. पासबुक भरायला.” ती म्हणाली, “बँक पश्चिमेला आहे. स्कूटरचं तोंड पूर्वेला आहे.” आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. फोटोत मी होतो. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटखाली दुपट्टा, हँडलला कापडी पिशवी. पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्याच्या चांगलं चार हात पुढे, झेब्राच्या तिसऱ्या पट्टीवर. खाली तारीख, वेळ, ठिकाण. त्या चौकातून पूर्वेला दोनशे पावलांवर एक आलूबोंड्याचा ठेला आहे, हे तिला माहीत आहे. डॉक्टरांनाही माहीत आहे. दंडाची रक्कम किती होती ते सोडा, तेवढ्यात किती प्लेटा रस्सा-आलूबोंडा आला असता तो हिशेब मी मनात करून टाकला.

घरातला खटला मी हरलो. पण चौकातल्या खटल्यात मला शंका होती. सदतीस वर्षं फिजिक्स शिकवलं, मी रेषेच्या पुढे जाणारा माणूस नाही. मग गेलो कसा? फोटो मोठा करून पाहिला आणि उलगडलं. माझ्या आजूबाजूला आणखी आठ-दहा गाड्या होत्या, आणि सगळ्या सावलीत उभ्या होत्या.

उन्हाळ्यात आपल्याकडे सिग्नलवर हिरव्या जाळ्या लावतात ना, तीच सावली. काही सिग्नल दुपारी बंदच ठेवतात, हा चालू होता. एका संस्थेनं हौसेनं जाळी लावलेली, पुढची कड बरोबर स्टॉप लाइनच्या डोक्यावर. लावणाऱ्यानं ती दुपारी बाराला लावली असणार. कारण बाराला हिशेब बिनचूक जमतो. आपण एकवीस अंश अक्षांशावर आहोत. मे संपता संपता, पंचवीस-सव्वीसच्या सुमाराला, सूर्य मध्यान्हीला आपल्या थेट डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. तेव्हा जाळीची सावली जाळीच्या बरोबर खाली. पण सूर्य काय संस्थेचा सभासद आहे तिथेच थांबायला? तो पश्चिमेला कलतो, सावली पूर्वेला सरकते. सव्वातीनला सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांवर असतो. जाळी अठरा फूट उंच धरा. सावली सुमारे सतरा फूट पुढे! म्हणजे पूर्वेकडे तोंड केलेल्या माणसासाठी सावली पांढरा पट्टा ओलांडून, झेब्रा ओलांडून, जवळजवळ चौकात. मागे उरलेल्या सावलीत आधीच वीस गाड्या. मागचा पोट्टा हॉर्न देऊन म्हणतो, “सरका नं काका पुढं, सावली हाये.” पंचेचाळीस डिग्रीत माणूस पांढऱ्या पट्ट्याचं ऐकेल की सावलीचं? समोरून, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून येणाऱ्यांची सावली मागे गेलेली. ते बिचारे उन्हात, पण कायद्यात.

हसू नका, हे मी मोजून पाहिलंय. पुढच्या रविवारी नातू, टेप आणि छत्री घेऊन त्याच वेळी गेलो. गर्दी कमी होती. आम्ही फुटपाथच्या कडेनं टेप धरलेला, तर कोपऱ्यातल्या निंबाखालून ट्रॅफिकचा शिपाई आला. दोन मिनिटं नुसता पाहत राहिला. मग म्हणाला, “काय मोजून राहिले जी काका?”

“सावली.”

“सावली मोजून काय होते?”

मी त्याला सगळं समजावलं, अक्षांश, कोन, सतरा फूट. पोरगा हुशार होता, लगेच समजला. आणि मग जे बोलला त्यासाठी आजचं हे व्याख्यान आहे. म्हणाला, “काका, रेषेचं सोडा. लोकं रेषेवर मरत नाही. लोकं पिवळ्यात मरते. पिवळा लागला का अर्धे ब्रेक मारते अन् अर्धे ॲक्सिलेटर पिळते. दोघंही एकाच रस्त्यावर असते.”

मी टेप गुंडाळला, घड्याळ काढलं आणि पिवळा मोजायला लागलो. तीन सेकंद. दहा वेळा मोजला, तीनच.

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे.’ अरे बाप्पा. मी तर अजून कायद्यावर आलोच नाही. ठीक, आता भरभर.

पिवळा किती वेळ असावा, हा मर्जीचा प्रश्न नाही, त्याला गणित आहे. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत गॅझिस, हर्मन आणि मॅराडुडिन या तिघांनी ते १९६० मध्ये मांडलं. दिवा बदललेला कळायला चालकाला साधारण एक सेकंद लागतो. त्यानंतर ब्रेक, तेही प्रवासी समोरच्या सीटवर आदळणार नाहीत इतपत, म्हणजे सेकंदाला तीन मीटर प्रतिसेकंद वेग कमी होईल असे. गाडी ताशी ५० किलोमीटरनं येत असेल तर थांबायला ४६ मीटर लागतात. आणि तीन सेकंदांच्या पिवळ्यात ती जाते सुमारे ४२ मीटर. म्हणजे रेषेपासून ४२ ते ४६ मीटरच्या पट्ट्यात असताना पिवळा लागला, तर तुम्ही वेळेत थांबूही शकत नाही आणि लालच्या आत रेषेपर्यंत पोचूही शकत नाही. साठनं चालवायची मुभा असलेल्या रस्त्यावर हाच पट्टा तेरा मीटरचा होतो. तज्ज्ञ त्याला डायलेमा झोन म्हणतात, मी अडकित्ता म्हणतो. त्यातली सुपारी तुम्ही. गुन्हा करायची इच्छा नसताना गुन्हा होतो, आणि कॅमेरा त्याचा अगदी स्पष्ट फोटो काढतो. पन्नासला साधारण ३.३ सेकंद द्या, साठला ३.८, पट्टा संपला. फरक काही दशांश सेकंदांचा आहे.

दशांश सेकंदानं काय होतं म्हणाल, तर शिकागो घ्या. २०१४ मध्ये तिथे उघड झालं की कॅमेऱ्यांची कंपनी बदलल्यावर २.९ सेकंदांच्या पिवळ्यावरही दंड आकारले गेले, जेव्हा किमान मर्यादा तीनची. शहराच्याच महानिरीक्षकांनी हिशेब काढला, सुमारे ७७ हजार तिकिटं, ७७ लाख डॉलर. सेकंदाच्या एका दशांशाचे!

आणि मॅट्स यार्लस्ट्रॉम. हा माझा माणूस. मूळचा स्वीडनचा, राहतो अमेरिकेत ओरेगॉनमध्ये. २०१३ मध्ये त्याच्या बायकोला कॅमेऱ्याचं तिकीट आलं. बघा, सुरुवात घरातूनच होते. त्यानं १९६० चं ते सूत्र काढून पाहिलं आणि त्याला दिसलं की वळणारी गाडी आधी हळू होते, याचा हिशेब त्यात नाही. म्हणून वळणाऱ्याला पिवळा अपुरा पडतो. हे त्यानं राज्याच्या इंजिनिअर मंडळाला कळवलं. मंडळानं काय करावं? परवाना नसताना इंजिनिअरिंग केलं म्हणून त्यालाच ५०० डॉलर दंड! तो कोर्टात गेला, २०१८ च्या शेवटी जिंकला, आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या वाहतूक इंजिनिअरांच्या संस्थेनं पिवळ्याचा नियम बदलताना त्याचं म्हणणं घेतलं. टेप घेऊन चौकात उभा राहणारा म्हातारा वेडा नसतो, एवढाच मुद्दा.

कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक देखरेखीचं कलम १३६-अ आलं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याखाली नियम १६७-अ. त्यात तुमच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. कॅमेरा आहे हे सांगणारा फलक ठळक लावला पाहिजे. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दर वर्षी नूतनीकरण व्हायला हवं. आणि नोटीस गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत निघाली पाहिजे, फोटो, वेळ, ठिकाण आणि कलमासकट. नियम यंत्राची तपासणी मागतो. पण यंत्र ज्या पिवळ्यावर विसंबून आहे त्याची तपासणी? माझी मागणी एवढीच, कॅमेऱ्याच्या खांबावर त्या चौकाचा पिवळा किती सेकंदांचा ते लिहा. डब्यावर वजन लिहितात तसं. कुणीही मोबाईलच्या घड्याळावर पडताळून पाहील.

कॅमेऱ्यानं अपघात कमी होतात का, हे राहिलंच. होतात, पण एका प्रकारचे. अमेरिकेच्या महामार्ग खात्यानं २००५ मध्ये सात ठिकाणचा अभ्यास छापला. काटकोनात आदळणारे अपघात, म्हणजे सर्वात जीवघेणे, सुमारे २५ टक्के घटले. मागून धडकणारे १५ टक्के वाढले. का वाढले? पुढचा चलनाच्या धाकानं करकचून ब्रेक मारतो, मागच्याला ते अपेक्षित नसतं. तो शिपाई म्हणाला तेच, अर्धे ब्रेक, अर्धे ॲक्सिलेटर. जमाखर्च तरी कॅमेऱ्याच्याच बाजूनं जातो, कारण मागून बसलेल्या धक्क्यात बंपर जातो, बाजूनं बसलेल्यात माणूस. पण पिवळा नीट दिला तर हा खर्चही कमी होईल. उलटी मोजणी दाखवणाऱ्या टायमरबद्दल, तीन आकडा दिसताच निघणाऱ्यांबद्दल, मला अर्धा तास बोलायचं होतं. पुन्हा बोलवा.

दुसरी चिठ्ठी. बरं, बरं. चहा निवतोय म्हणतात.

माझं चलन मी भरलं. रेषेच्या पुढे होतो, ते खोटं कसं म्हणू? जाळीची तक्रार मात्र केली, आकृतीसकट, सतरा फुटांचा हिशेब लावून. उत्तर जुलैत आलं, ‘सदर जाळी काढण्यात आली आहे.’ पाऊस लागला होता, सगळ्याच जाळ्या निघाल्या होत्या. यंदा पुन्हा लागली. त्याच खांबांना, तिथेच. मी परवाच पाहून आलो.

ही समोरच बसली आहे. बँकेत जाताना पाहिली.