विंगेतलं पाकीट

मला विषय दिलाय तो 'संकटं आणि सांस्कृतिक क्षेत्र'. क्षेत्र वगैरे शब्द ऐकले की मी जरा बिचकतो, कारण मी नाटकाचा हिशेब सांभाळणारा माणूस. इतकी वर्षं ठाण्यातलं गडकरी रंगायतन आणि घाणेकर, आणि वाशीचं भावे नाट्यगृह, याच तीन ठिकाणी पायपीट केली. बोलेन ते तेवढ्यावरच.

प्रयोग संपून प्रेक्षक रिक्षा शोधत असतात, तेव्हा विंगेत पाकिटं वाटली जातात. याला आम्ही 'नाइट' म्हणतो. प्रयोग झाला तर नाइट, नाही झाला तर काही नाही. नटापासून सेट लावणाऱ्या पोरापर्यंत सगळे या एका पाकिटावर. संकट कुठलंही असो, ते पहिल्यांदा इथे दिसतं.

८ नोव्हेंबर २०१६ चा तो नोटबंदीचा मंगळवार आठवा. त्या रविवारी आमचा प्रयोग होता. खिडकीवर रांग होती, पण जो तो पाचशेची नोट पुढे करत होता आणि ती आता चालत नव्हती. प्रयोग कसाबसा झाला. खरी पंचाईत नंतरची. नटाला म्हणता येतं, चेक देतो. पण कपडेपटवाल्याला शेवटची लोकल पकडून टिटवाळ्याला जायचंय आणि सकाळी दूधवाल्याला पैसे द्यायचेत. टेम्पोवाला तर चेक बघून हसलाच.

नाटकाला रोगराई नवीन नाही. ज्यांचं नाव आपल्या रंगायतनाला आहे ते राम गणेश गडकरी १९१९ मध्ये क्षयाने गेले, तेहतिसाव्या वर्षी. दोनच वर्षांनी गायक नट केशवराव भोसले विषमज्वराने गेले. पण त्या काळच्या नाटक कंपनीचं एक बिऱ्हाड असायचं. पगार महिन्याचा, पंगत एकत्र. चार दिवस खेळ नसला तरी पडदा ओढणारा कंपनीतच जेवायचा. त्या कंपन्याही कर्जात बुडाल्या, मी त्यांची आरती ओवाळत नाही. पण तोटा आधी मालकाच्या अंगावर यायचा. आता तो टेम्पोतून उतरणाऱ्या पोराच्या अंगावर येतो.

ठाण्यात आणखी एक संकट येऊन गेलं, त्याची मात्र बातमी झाली नाही. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची सुरुवात, १९६२ ची. पाळी संपवून माणसं तालमीला यायची, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धेत उतरायची. कंपनीतली युनियन अख्खा प्रयोग विकत घ्यायची, त्याला आम्ही कॉन्ट्रॅक्ट म्हणायचो. कारखाने एकेक करून बंद पडले आणि जागेवर काचेच्या इमारती आल्या. कुठल्याच वर्षी 'यंदा नाटक पडलं' असं म्हणता आलं नाही. फक्त कॉन्ट्रॅक्टसाठीचा फोन वाजेनासा झाला.

मग मार्च २०२०, कोरोना आणि नाट्यगृहं बंद. ५ नोव्हेंबरला ती निम्म्या प्रेक्षकांवर उघडली, एप्रिल २०२१ मध्ये परत बंद, २२ ऑक्टोबरला परत निम्म्यावर. निम्मे प्रेक्षक म्हणजे काय ते सांगतो. तिकिटं निम्मी. पण नट निम्मा येत नाही, टेम्पो निम्मा भरून निम्म्या भाड्यात येत नाही, सोफा अर्धा कापून ठेवता येत नाही. निम्म्या खुर्च्यांवर पूर्ण खर्चाचं नाटक करणं म्हणजे खिशातले पैसे घालून लोकांना हसवणं. काहींनी तेही केलं.

मालिकावाल्यांचे हाल वेगळे. घोडबंदरच्या स्टुडिओंत २०२० च्या उन्हाळ्यानंतर चित्रीकरण सुरू झालं, तर नियम असा की पासष्टच्या पुढच्यांना सेटवर मज्जाव. आता मराठी मालिकेतून आजी काढली तर उरतं काय? ७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. पुढच्या एप्रिलमध्ये अनेक मालिका गोव्याला गेल्या, आणि इथला चहावाला, इस्त्रीवाला, जनरेटरवाला इथेच राहिला.

आमचा सेट कळव्याच्या एका गोडाउनमध्ये होता. दीड वर्षाने शटर वर केलं. फ्लॅटच्या, म्हणजे सेटच्या भिंतींच्या, लाकडात वाळवी, कापडाला हात लावला की भुगा. पेटीतल्या शालूवर हिरवी बुरशी, खाडीची हवा ना! भाडं थकलेलं, ते मालकाने एका पैशानेही सोडलं नाही. फ्रेमा शेवटी जळणाच्या भावात गेल्या.

लाकूड नवीन आणता येतं. आमचा लाइटवाला वीस वर्षांचा जुना. संवादाचा सूर ओळखून डिमर खाली घेत उजेड मंद करायचा, कधी कुठला लाइट ते लिहिलेली क्यूशीट त्याला लागायची नाही. त्याने त्या काळात आंब्याच्या पेट्या विकल्या, मग लग्नाच्या हॉलमध्ये एलईडी वॉलवर लागला. मी बोलवायला गेलो, तर म्हणाला, "साहेब, तिथे महिन्याला पगार आहे. रविवारी मुहूर्त नसेल तर येतो."

मी त्याला काय बोलणार? आता नाट्यगृहाच्या तारखांचा अर्ज भरायला बसतो तेव्हा आधी पंचांग उघडतो.