चिनी संस्कृती आणि मतपेटी

तैवानमध्ये मतदानाच्या दिवशी दुपारी चार वाजले की मतदान केंद्रातच मतमोजणी सुरू होते. शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या आवारात जमलेल्या लोकांसमोर एक कर्मचारी एकेक मतपत्रिका वर धरून मत मोठ्याने पुकारतो आणि दुसरा भिंतीवरच्या कागदावर रेघ ओढतो; पाच रेघांचे चिनी अक्षर पुरे झाले, की पाच मते झाली.

हे पुकारणारे आणि पाहणारे बहुतेक हान, म्हणजे चिनी वंशाचेच आहेत. पूर्वजांची पूजा, वडीलधाऱ्यांचा मान, कन्फ्यूशियसचे संस्कार हे सारे त्यांच्या घरांत आहे, आणि नेमके याच संस्कारांकडे बोट दाखवून चिनी समाजाला लोकशाही मानवत नाही असे सांगितले जाते. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी १९९० च्या दशकात आशियाई मूल्यांची, म्हणजे आशियात व्यक्तिस्वातंत्र्यापेक्षा शिस्त आणि समाज मोठा या विचाराची, बाजू हिरिरीने मांडली. असे सांगणारे बहुधा सत्तेवर बसलेलेच असतात, हेही ध्यानात घ्यायला हवे.

तैवानला लोकशाही आयती मिळाली नाही. १९४९ मध्ये लागू झालेला लष्करी कायदा ३८ वर्षे टिकला. १९७९ च्या मानवी हक्क दिनी काओश्युंग शहरात निघालेल्या मोर्चानंतर विरोधी नेत्यांवर लष्करी न्यायालयात खटले चालले. त्यांच्या वकिलांपैकी एक, चेन शुई-ब्यान, २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्याआधी, १९९६ च्या पहिल्या थेट अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर चीनने बेटालगतच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागली, तरीही सुमारे ७६ टक्के मतदार बाहेर पडले.

तैवानवर ५० वर्षे जपानचे राज्य होते, पुढे अमेरिकेचा दबाव होता आणि लष्करी कायद्याच्या काळातही स्थानिक निवडणुका होत असल्याने मतदान अंगवळणी पडले होते. त्यामुळे हा दाखला अवघ्या चीनला जसाच्या तसा लावता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ही सारी कारणे राजकीय इतिहासातली आहेत, कन्फ्यूशियसशी त्यांचा फारसा संबंध नाही.

हाँगकाँगमध्ये हेच उलट दिशेने घडले. नोव्हेंबर २०१९ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत ७१ टक्के मतदान झाले आणि १८ पैकी १७ परिषदा लोकशाहीवाद्यांकडे गेल्या. त्यानंतर राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, उमेदवारांची राजकीय निष्ठा तपासणारी छाननी सुरू झाली, थेट निवडून द्यायच्या जागा ४५२ वरून ८८ वर आणल्या गेल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याच शहरातले जेमतेम २७.५ टक्के मतदार मतदानाला आले.