ड्रायर फिरतोय, पण तापत नाही

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बटाटेवडे बाहेर आलेत याची मला कल्पना आहे, वास इथपर्यंत येतोय. तरी तुम्ही आत बसलात, त्याबद्दल आभार.

पत्रिकेत छापलंय, ‘ड्रायरचा हीटिंग एलिमेंट घरच्या घरी कसा बदलावा’. ड्रायर म्हणजे आपल्या अमेरिकेतल्या घरांतलं कपडे वाळवायचं यंत्र, आणि एलिमेंट म्हणजे त्यातली तापणारी तार. विषय मीच दिला होता. पण मला मनापासून सांगायचंय ते असं, की ड्रायर तापेनासा झाला की लगेच एलिमेंट मागवू नका. आधी हवा कुठे अडलीय ते शोधा. एवढं पटलं तर माझं काम झालं. बदलायचं कसं तेही सांगणार आहे, काळजी नको.

इथे साठीच्या पुढचे बरेच जण दिसतायत, म्हणजे कॉइलची शेगडी सगळ्यांनी पाहिलीय. पांढरी चिनी मातीची प्लेट, तिच्या खाचेतून नागमोडी फिरणारी स्प्रिंग. ती तुटली की दुकानात कोण जातंय? वडील स्विच बंद करायचे, दोन्ही टोकं पकडीनं ओढून एकमेकांत पीळ देऊन अडकवायचे, आणि शेगडी पुन्हा लाल. उलट आधीपेक्षा जास्त लाल! कारण तार आखूड झाली, रोध कमी झाला, करंट वाढला. मग महिन्याभरात त्या पिळाच्या शेजारीच पुन्हा तुटायची. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षी ओहमचा नियम शिकवला तेव्हा मला वाटलं, हा तर आमच्या स्वयंपाकघरातला.

ड्रायरमध्येही तीच तार आहे, निकेल आणि क्रोमियमची. अल्बर्ट मार्श नावाच्या अमेरिकन माणसाने 1906 मध्ये तिचं पेटंट घेतलं. तापल्यावर तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो आतल्या धातूला जळू देत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं लाल होऊनही टिकते. पण वडिलांचा तो पीळ इथे देऊ नका, कृपा करून. शेगडी दीड-दोन हजार वॉटची असायची, हा एलिमेंट साधारण 5400 वॉटचा, साडेबावीस अँपिअर ओढणारा. आणि त्याच्या भोवती काय असतं? कपड्यांतून झडलेला कापूस.

आता कापसावरून साडीकडे येते. ही गोष्ट जरा लांब आहे, पण सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आमच्या सासूबाई मिरजेहून आल्या होत्या. सहा महिन्यांचा मुक्काम. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुती साडी धुऊन डेकच्या कठड्यावर वाळत घातली. नऊवारी हो! या टोकापासून त्या टोकापर्यंत, जांभळ्या काठांची, वाऱ्यावर अशी काही डौलात. मी म्हटलं, आई, इथे चालत नाही. त्या म्हणाल्या, “अगं, आपलाच कठडा ना?” चार दिवसांत टाउनहाउसच्या घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र आलं. सोबत फोटो. साडीचा रंगीत फोटो आणि खाली नियमाचा क्रमांक. आईंनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला आणि म्हणाल्या, “फोटो चांगला आलाय. मिरजेला पाठवता येईल का?” मग थोडं थांबून, “आणि काय गं, उन्हालासुद्धा परवानगी लागते होय तुमच्याकडे?”

मला या प्रश्नाचं उत्तर अजून सुचलेलं नाही. जुलै महिना, नव्वद फॅरनहाइट, बाहेर ऊन फुकट पडलंय आणि आत आपण पाच किलोवॉट जाळून टॉवेल वाळवतोय. फ्लोरिडात तर कायदाच आहे, कपड्यांच्या दोरीवर असोसिएशनला सरसकट बंदी घालता येत नाही. कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये त्याच वळणाचा कायदा केला. म्हणजे आईंची तक्रार अमेरिकनांचीही आहे. आमच्या असोसिएशनच्या सभेत मी हे सगळं मांडलं. सगळ्यांनी फार सभ्यपणे ऐकलं आणि पुढचा विषय घेतला. पार्किंग.

तर त्या पत्रानंतर घरातलं सगळं ड्रायरमध्ये जायला लागलं. साड्या, पंचे, पायपुसणी. आणि गोधडी! जुन्या सुती साड्यांची, हाताने दोरे घातलेली, वीस वर्षं वापरून मऊसूत झालेली. अशी गोधडी ड्रायरमध्ये पिसं झडावीत तशी झडते. पुढच्या जाळीवर बोटभर जाडीचा थर यायचा, तो आम्ही काढायचो. पण जाळीतून निसटलेला बारीक कापूस मागच्या पाइपात जाऊन बसतो, तो कुणाला दिसतो?

एक दिवस ड्रम फिरतोय, दिवे लागतायत, कपडे मात्र ओलेगार. मी त्या आठवड्यात गावाला गेले होते, नवऱ्याने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने दार उघडलं, आत हात घालून पाहिलं आणि म्हणाला, एलिमेंट गेला. रोध मोजायचा मीटर गाडीतच! पाइपाकडे नजरसुद्धा टाकली नाही. बघायला आल्याचे पैसे वेगळे, कामाचा आकडा असा, की थोडे घातले की नवा ड्रायर येईल. नवऱ्याने सुदैवाने त्याला “विचार करून सांगतो” म्हटलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत या वाक्याचा पहिल्यांदा उपयोग झाला.

परत आल्यावर मी मागचं पत्र्याचं झाकण उघडलं, एलिमेंटची एक वायर सोडवली आणि मीटर लावला. साडेदहा ओहमच्या आसपास. ठणठणीत! त्याच्या डब्यावर बटणाएवढा थर्मल कट-ऑफ असतो, फार तापलं की वीज तोडणारा, तो उडालेला होता. आणि भिंतीतल्या पाइपातून मी जे बाहेर काढलं, त्यात आईंना आपल्या गोधडीचा रंग ओळखता आला.

असं का होतं? ड्रायरमध्ये पंखा हवा ओढतो. खोलीतली हवा आधी एलिमेंटवरून जाते, मग ड्रममध्ये, मग जाळीतून पंख्यात आणि तिथून पाइपाने घराबाहेर. म्हणजे एलिमेंटला थंड ठेवणारीही तीच हवा. बाहेरची वाट तुंबली की हवा मंदावते, एलिमेंटचा डबा भलताच तापतो, वरचा थर्मोस्टॅट सारखा बंद-चालू होतो आणि शेवटी कट-ऑफ जातो. तो एकदाच जातो, पुन्हा जुळत नाही. किंवा तार मऊ होऊन लोंबते आणि तुटते. नवा एलिमेंट घातला आणि पाइप तसाच ठेवला, की काही महिन्यांनी परत तेच. आणि हे नुसतं पैशांचं नाही. इथल्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 च्या नोंदींवरून काढलेला अंदाज वर्षाला 2,900 ड्रायरच्या आगींचा होता, आणि त्यात सगळ्यात वरचं कारण होतं सफाई न करणं.

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. बरं, आता भराभर सांगते, प्रश्न वड्यांच्या टेबलावर.

ड्रायर गॅसचा असेल तर मागे गॅसची नळी दिसेल. त्यात हा एलिमेंट नसतोच, तो विषय वेगळा. विजेचा असेल तर पहिल्यांदा ब्रेकर. घरात 120 व्होल्टच्या दोन फेज येतात. ड्रमची मोटर एकीवर चालते, एलिमेंटला दोन्ही मिळून 240 लागतात. म्हणून ब्रेकरचा अर्धा भाग गेला तर ड्रम फिरतो आणि तापत मात्र नाही. जोडब्रेकर पूर्ण ऑफ करून पुन्हा ऑन करा. पुष्कळांचं काम इथेच होतं. सॉकेटमध्ये मीटरच्या सुया घालून 240 मोजायची सवय नसेल तर त्या फंदात पडू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. अपार्टमेंटवाल्यांनो, तुमच्याकडे बऱ्याचदा 208 व्होल्ट असतात. ताकद थेट पाऊणपट होते, म्हणून तुमचे कपडे वाळायला वेळ लागतो. तो बिघाड नाही.

मग हवा. ड्रायर चालू असताना, पाइप घराबाहेर निघतो तिथली झडप उघडतेय का पाहा. जाळीवर नळाचं पाणी सोडा. पाणी साचून राहिलं तर ड्रायर शीटचा, म्हणजे कपडे मऊ राहावेत म्हणून आपण आत टाकतो त्या कागदाचा, थर बसलाय, साबणाने घासा.

नंतरच पेचकस. प्लग काढा, ब्रेकरही बंद. एलिमेंट काही मॉडेलमध्ये मागच्या झाकणातून दिसतो, काहींत पुढून ड्रमखाली. वायरींचा फोटो काढा. एक वायर सोडवून मोजा. दहा-बारा ओहम आले तर तार शाबूत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर तुटलीय. मग एक सुई टोकाला आणि एक डब्याच्या पत्र्याला लावा. इथे मात्र काहीच दाखवायला नको. काही दाखवलं तर लोंबलेली तार पत्र्याला टेकलीय. अशा ड्रायरमध्ये थर्मोस्टॅटने बंद करूनही उष्णता चालू राहते, तो एक दिवसही वापरू नका. कट-ऑफ आणि थर्मोस्टॅट दोन्ही शून्याजवळ यायला हवेत.

नवा भाग दाराच्या कडेला चिकटवलेला मॉडेल नंबर बघून मागवा, दिसायला सारखा म्हणून नको. कट-ऑफ आणि त्याच्या जोडीचा थर्मोस्टॅट एकत्रच बदला. वायरीच्या टोकाचे चिमटे काळे पडले असतील तर तेही नवे लावा, सैल चिमटा नव्या एलिमेंटलाही जाळतो. डबा उघडलाच आहे तर आतला कापूस व्हॅक्यूमने ओढून घ्या.

आणि ज्यांच्याकडे भिंतीपाशी तो चांदीच्या कागदासारखा चुरगळणारा पाइप आहे, त्यांनी चार इंची पत्र्याचा कडक पाइप घाला. लांबी 35 फुटांच्या आत, प्रत्येक काटकोनी वळणाला 5 फूट वजा करायचे.

वेळ संपली. मीटर आणि एक तुटका एलिमेंट बाहेर टेबलावर ठेवलाय, हात लावून बघा. फक्त चटणीचे हात पुसून.