व्हीएम तर बनली, पण बाकीच्या जोडण्या कुठे गेल्या?

(स्क्रीनवर: लॉगिन पान, मग रिकामा कॅटलॉग)

ऑक्टोबर २०१९. व्हीएमवेअरने व्हीरिअलाइझ ऑटोमेशन ८.० आणलं, म्हणजे व्हीएम (आभासी मशीन) मागणीनुसार आपोआप बनवून देणारं सॉफ्टवेअर. नाव तेच, पुढचा आकडा फक्त बदललेला, आत मात्र सगळंच नवीन. ७ मध्ये एक अप्लायन्स (सॉफ्टवेअर आधीच बसवलेली तयार व्हीएम) आणि त्याच्या जोडीला मशीन बनवायचं काम बघणारे विंडोजचे आयएएएस सर्व्हर असायचे, ते सांभाळता सांभाळता ॲडमिनच्या नाकीनऊ यायचे. ८ मध्ये विंडोज पूर्ण गेलं, अप्लायन्सच्या आतच कुबरनेटीस आणि सगळ्या सर्व्हिसेस त्याने सांभाळलेल्या कंटेनरमध्ये, म्हणजे सुट्या बंद डब्यांत. ऐकायला एकदम झकास!

फक्त ७ वरून ८ ला थेट अपग्रेड नाही. शेजारी नवीन उभं करा आणि जुनं एकेक करून हलवा.

आणि हलवायला घेतलं तेव्हा कळलं काय काय नाहीये ते.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ऑटोमेशन म्हणजे बटण दाबलं की व्हीएम तयार, पण ते तर सगळ्यात सोपं काम आहे हो. मशीनचं नाव कुठल्या नियमाने ठरणार, आयपी कुठून येणार, डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणारी यादी) नोंद कोण करणार, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीतल्या मशीन आणि युजरची नोंदवही) ती कुठल्या ओयूमध्ये, म्हणजे गटात, जाणार, तिकीट कोण बंद करणार, आणि मशीन डिलीट झाली की हे सगळं उलट्या क्रमाने आवरणार कोण, खरा घाम इथे गाळावा लागतो. हे काम करतो ऑर्केस्ट्रेटर, ऑटोमेशनच्या जोडीला चालणारं सॉफ्टवेअर, आणि त्यातले वर्कफ्लो, म्हणजे एकामागून एक करायच्या कामांच्या साखळ्या.

आता गंमत बघा, ऑर्केस्ट्रेटर आणि ऑटोमेशन हे दोघं मुळात एका घरचे नाहीतच. ऑर्केस्ट्रेटर आला ड्यून्स नावाच्या स्विस कंपनीकडून, ती व्हीएमवेअरने २००७ मध्ये घेतली. ऑटोमेशनचा जुना पाया डायनॅमिकऑप्सचा, ती खरेदी २०१२ ची, आणि ती कंपनी स्वतः क्रेडिट स्विस बँकेतून बाहेर पडलेली. वर्षानुवर्षं खपून या दोघांचं जमवलं होतं, आणि ८ मध्ये त्यातला एक जण पार बदलला.

(स्क्रीनवर: वर्कफ्लो एडिटर)

सगळ्यात जास्त बोचलं ते प्लगइन, म्हणजे या दोघांना जोडणारा तयार तुकडा. ७ मध्ये ऑर्केस्ट्रेटरमधून ऑटोमेशनच्या वस्तू थेट हाताशी असायच्या. ८.० आलं तेव्हा नव्या ऑटोमेशनसाठी असं प्लगइनच नव्हतं! मग काय, रेस्ट एपीआय, म्हणजे वेबवरून रिक्वेस्ट पाठवून काम करून घ्यायचं. रिफ्रेश टोकन देऊन बेअरर टोकन (थोडा वेळ चालणारा प्रवेशपास) घ्या, ते एक्स्पायर झालं की परत घ्या, जेसनमध्ये आलेलं उत्तर फोडा, रिक्वेस्ट पूर्ण झाली का ते दर थोड्या वेळाने विचारत बसा, आधी दोन ओळीत व्हायचं त्यासाठी आता एक अख्खं मॉड्यूल.

इव्हेंटचंही तेच, म्हणजे मशीन बनताना ज्या टप्प्यांवर आपला वर्कफ्लो चालवता येतो त्यांचं. मशीनच्या लाइफसायकलचे जुने टप्पे जाऊन कॉम्प्युट अलोकेशन, कॉम्प्युट पोस्ट प्रोव्हिजन असे नवे टॉपिक आले. सबस्क्रिप्शन (कुठल्या टप्प्यावर कुठला वर्कफ्लो चालायचा ती जोडणी) परत बांधायची, ते ठीक आहे, पण आत येणारा डेटासुद्धा वेगळा. अलोकेशनच्या वेळी मशीनची नावं ॲरेमध्ये, म्हणजे यादीत, येतात, आणि जुनी स्क्रिप्ट तर एकच मशीन गृहीत धरून लिहिलेली.

एक्सएएएसवाल्यांची, म्हणजे मशीनखेरीज इतर सेवाही वर्कफ्लोतून कॅटलॉगमध्ये देणाऱ्यांची, अडचण जरा वेगळी. वर्कफ्लो कॅटलॉगमध्ये टाकता येत होता, पण त्यातून जे बनलं त्याला रिसोर्स म्हणून सांभाळणं आणि नंतर त्यावर आपल्या ॲक्शन देणं, ही कस्टम रिसोर्सची सोय पुढच्या आवृत्त्यांत आली. मल्टिटेनन्सीला (एकाच सिस्टिमवर अनेक गिऱ्हाइकं वेगवेगळी ठेवणं) एप्रिल २०२० च्या ८.१ पर्यंत थांबावं लागलं. ऑर्केस्ट्रेटरचा जावा क्लायंट गेला, त्याचं मला फारसं दुःख नाही.

हे राहून कसं गेलं? ८ चा पाया कंपनीच्या क्लाउड सर्व्हिसमधून आलेला. मला वाटतं तिथेच मेख आहे, डेमोत व्हीएम बनताना दिसते, पण गिऱ्हाइकाने आपल्या डेटासेंटरमध्ये स्वतः लिहून ठेवलेले शेकडो वर्कफ्लो डेमोत कुठून दिसणार. वर्कफ्लोऐवजी एबीएक्स होतं, पायथन किंवा नोडमध्ये छोटी फंक्शन लिहा म्हणे. सोय चांगलीच आहे, पण ऑर्केस्ट्रेटरच्या जावास्क्रिप्टमध्ये लिहून, तपासून चालू असलेलं सगळं परत कोण लिहिणार?

पुढे ८ साठी प्लगइन आलं. पण तोवर ज्यांनी रात्री जागून स्वतःचं रेस्ट मॉड्यूल उभं केलं होतं, त्यांच्यापुढे आता नवाच प्रश्न. ते काढून प्लगइन बसवायचं म्हणजे सगळ्या वर्कफ्लोचं टेस्टिंग पहिल्यापासून, आणि चालू असलेल्या गोष्टीला हात लावायला मॅनेजर काही वेळ देत नाही.