उरलेले तेल कशासाठी राखायचे?

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाशय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि श्रोतेहो,

जगातले तेल कधी संपणार, या विषयावर बोलण्याची सूचना मला करण्यात आली होती. तो प्रश्न मी थोडा बदलून घेणार आहे, कारण अमुक तारखेला तेल संपले आणि पंपांना टाळी लागली असे काही घडणार नाही. जमिनीच्या पोटात तेल कायमच उरणार आहे. संपत चालले आहे ते सहज हाती लागणारे आणि म्हणून स्वस्त असणारे तेल. गेली दीडशे वर्षे आपले सगळे व्यवहार त्या स्वस्ताईवर उभे राहिले आहेत, आणि आपल्या गोव्याचे तर अधिकच, कारण इथे तेलही निघत नाही आणि नाव घ्यावे इतकी वीजही तयार होत नाही.

1859 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल या गावी एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागले, तेव्हा खोली होती अवघी 21 मीटर. फोंड्याच्या डोंगराळ भागात पाण्याच्या बोअरवेलसाठी आपण याहून खोल जातो. आज ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे दोन किलोमीटर खोल पाण्याखाली आणि त्याखालच्या मिठाच्या जाड थरांच्याही खाली असलेले तेल काढले जाते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात वाळूला चिकटलेले डांबरासारखे तेल वाफ सोडून पातळ करावे लागते. या दोन्ही ठिकाणी तेल आहे, आणि मुबलक आहे. पण एक पिंप तेल वर आणण्यासाठी आधी किती ऊर्जा, किती पोलाद आणि किती पैसा घालावा लागतो, हा हिशेब टायटसव्हिलपासून फार दूर गेला आहे. माणूस सोपे आधी काढतो आणि अवघड मागे ठेवतो, तेव्हा पुढच्या पिढीच्या वाट्याला उरते ते अवघडच.

हे गणित पहिल्यांदा नीट मांडले ते एम. किंग हबर्ट या भूवैज्ञानिकाने. अमेरिकेचे तेल उत्पादन 1970 च्या आसपास शिखर गाठेल आणि मग उतरणीला लागेल, असे त्यांनी 1956 साली सांगितले, आणि ते खरोखरच 1970 साली शिखरावर पोहोचून घसरू लागले. त्यानंतर 1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी निर्यातबंदी केली आणि काही महिन्यांत तेलाचा भाव पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेला. मात्र हबर्ट यांचा सगळा अंदाज खरा ठरला नाही, हेही सांगायला हवे. 2008 नंतर शेल खडक पाण्याच्या दाबाने फोडून तेल काढण्याचे तंत्र अमेरिकेत पसरले, आणि दररोज सुमारे 50 लाख पिंपांवर उतरलेले उत्पादन एका दशकात 1 कोटी 20 लाखांच्या पुढे गेले. यावर बोट ठेवून अनेक जण म्हणतात की तेलाची चिंता हा बागुलबुवा होता. मला ते पटत नाही. शेलच्या विहिरीचे उत्पादन पहिल्या एक-दोन वर्षांतच निम्म्याहून खाली येते, त्यामुळे एकूण उत्पादन आहे तिथे टिकवायलाही नव्या विहिरी खोदत राहावे लागते. शेलने आपल्याला मुदतवाढ दिली आहे, आणि त्या मुदतीत आपण काय केले, हा खरा प्रश्न आहे.

मोठे साठे किती झपाट्याने उतरतात याचे उदाहरण म्हणजे मेक्सिकोच्या समुद्रातील कांतारेल. हे क्षेत्र 2004 च्या सुमारास दिवसाला 20 लाख पिंपांहून अधिक तेल देत होते, आणि पुढच्या दहा वर्षांत ते उत्पादन एक पंचमांशाहूनही खाली घसरले. आपल्या जवळचे उदाहरण मुंबई हायचे. 1974 साली ‘सागर सम्राट’ या समुद्रात खोदकाम करणाऱ्या मंचाने तिथे तेल शोधले, 1976 साली उत्पादन सुरू झाले, आणि काही वर्षे देशातल्या तेलाचा मोठा वाटा एकट्या या क्षेत्राने उचलला. आज तेही वृद्ध क्षेत्र झाले आहे, आणि भारत आपल्या गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो.

हे तेल आपल्या दारावरूनच जाते. पावसाच्या तोंडावर कोलवा, कांदोळी, मोरजीच्या किनाऱ्यावर अनवाणी चाललेल्या माणसाला तळपाय काळे होण्याचा अनुभव असतो. हे डांबरगोळे म्हणजे समुद्रात सांडलेले तेल, हलका अंश उडून गेल्यावर उरलेला गाळ. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांची रासायनिक ओळख पटवली, तेव्हा काही नमुने मुंबई हायच्या तेलाशी जुळले, तर काही समुद्रातून जाणाऱ्या टँकरमधून सांडलेल्या तेलाशी. 2019 च्या ऑक्टोबरात तर नाफ्था, म्हणजे कच्च्या तेलापासून मिळणारे हलके ज्वालाग्राही द्रव्य, भरलेले एक मानवरहित जहाज वाहत येऊन राजभवनाखालच्या खडकांवर अडकले होते. ज्या तेलासाठी आपण कुठलाच निर्णय घेत नाही, त्याचा धोका मात्र आपल्या किनाऱ्यावर येऊन उतरतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट उष्णता असते. इंजिन त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा कामाला लावते, तरी ते काम पाच-सहा मजुरांच्या दिवसभराच्या अंगमेहनतीइतके भरते. वजनाचा विचार केला तर एक किलो डिझेलमध्ये बारा युनिटांच्या आसपास ऊर्जा असते, आणि एक किलो लिथियम बॅटरीत साधारण पाव युनिट. विजेची मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कार्यक्षम असते, हे जमेस धरले तरी अंतर पंधरा-वीस पटींचे राहतेच. म्हणून तेलाची जागा वीज घेईल, असे सरसकट म्हणणारा आणि तेलाला पर्यायच नाही, असे म्हणणारा, दोघेही हिशेब अर्धवट करतात. काही कामांत तेलाला आज सहज निवृत्त करता येते आणि काही कामांत पुढची कित्येक वर्षे करता येणार नाही. जिथे पर्याय आहे तिथे तेल जाळणे लगेच थांबवावे, आणि जिथे पर्याय नाही त्या कामांसाठी ते राखावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पर्याय नसलेली कामे कोणती, हे पाहायला मालीम किंवा कुटबणच्या धक्क्यावर जावे. ट्रॉलर समुद्रात जातो तो बर्फ आणि डिझेल भरून, कित्येकदा अनेक दिवसांसाठी. जाळे तळाशी ओढत नेताना इंजिनावर जो ताण पडतो, तो बॅटरीवर भागवायचा तर बोटीत मासळी ठेवायला जागा उरणार नाही. या डिझेलमागे आपला एक इतिहासही आहे. 1970 च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरच्या विरोधात गोव्यातले रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठे जाळे ओढणारे पारंपरिक मच्छीमार, रस्त्यावर उतरले होते, आणि त्या लढ्यातूनच किनाऱ्याजवळच्या पाण्यात ट्रॉलरना मज्जाव करणारा कायदा आला. रापण माणसांच्या हातांनी ओढली जाते, ट्रॉलरचे जाळे तेलाच्या बळावर ओढले जाते. मासळी दूर आणि खोल गेली की दर किलोमागे लागणारे डिझेल वाढत जाते, आणि बाजारात बांगड्याचा भाव चढतो त्यात या डिझेलचाही वाटा असतो. तेलाचा भाव भडकला तर पहिला फटका बसणार आहे तो आपल्या ताटातल्या हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला. खतांचेही तसेच. झुआरीनगरचा कारखाना अनेक वर्षे नाफ्थ्यावर चालला आणि नंतर वाहिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर गेला. म्हणजे एका खनिज इंधनावरून दुसऱ्यावर. वेर्णे येथील औषधनिर्मितीला लागणारा बराचसा रासायनिक कच्चा माल, सलाईनच्या पिशव्या, रस्त्यांचे डांबर, विमानाचे इंधन ही सगळी याच यादीतली.

आणि हे मौल्यवान द्रव्य आपण घालवतो कशात? जगातल्या तेलापैकी निम्म्याहून अधिक वाहतुकीत जळते. गोव्यात घराघरांत दोन-दोन वाहने आहेत आणि बहुतेकांचा रोजचा पल्ला पंधरा-वीस किलोमीटरांचा असतो. विजेची स्कूटर एका युनिटमध्ये साधारण तीस किलोमीटर जाते. एवढ्यासाठी आखातातून तेल आणून, ते शुद्ध करून, टँकरने पंपावर पोहोचवून, शेवटी त्यातली तीन चतुर्थांश ऊर्जा गरम धुराच्या रूपाने पणजीच्या हवेत सोडायची, याला कोणताही आधार उरलेला नाही.

फेरीबोटीचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. रायबंदर ते चोडण हे पाण्यावरचे अंतर अगदी थोडे आहे, मार्ग ठरलेला आहे, वेग मंद आहे, आणि दर फेरीला बोट धक्क्याला लागतेच. बॅटरीला नेमके असेच काम मानवते. केरळमध्ये वैक्कम आणि तवणक्कडवू यांच्या दरम्यान 75 प्रवाशांची ‘आदित्य’ ही सौर बोट 2017 पासून चालते आहे. मांडवीतही सौर बोटीचा प्रयोग झाला, पण रोज शाळकरी मुले, दुचाक्या आणि मासळीच्या टोपल्या वाहून नेणाऱ्या आपल्या फेरीबोटी डिझेलवरच आहेत. जे डिझेल ट्रॉलरला हवेच आहे, ते आपण त्याची गरज नसलेल्या बोटीत जाळतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. गोव्याची वीज येते ती प्रामुख्याने छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातल्या कोळशाच्या केंद्रांतून. मग स्कूटर विजेवर नेली तर कोळसाच जळणार ना? आक्षेप खरा आहे, आणि मोलेच्या जंगलातून न्यायच्या तमनार वीजवाहिनीवरून 2020 मध्ये जे आंदोलन उभे राहिले, त्यातून त्याची दुसरी बाजूही दिसली: दूरवर वीज तयार करायची, तर ती आणायला सह्याद्रीतून वाट काढावी लागते. या आक्षेपाचे उत्तर गोव्यातच जन्मलेल्या एका विद्वानाने फार पूर्वी दिलेले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपण इतिहासकार आणि गणिती म्हणून ओळखतो, पण अणुऊर्जेचा गाजावाजा शिगेला पोहोचला असताना, 1960 साली पुण्यातील एका भाषणात, त्यांनी भारतासाठी सौरऊर्जेची बाजू मांडली होती. ऊन फुकट आहे एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. ते देशभर विखुरलेले असल्यामुळे जिथे गरज तिथेच ऊर्जा तयार करता येते आणि मोठ्या केंद्रांवर व लांबलचक वाहिन्यांवर विसंबावे लागत नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. तेव्हा सौरघट परवडत नव्हते. आज परवडतात, 2010 नंतरच्या दशकात त्यांची किंमत सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरली.

छपरावरचा तीन किलोवॅटचा सौरसंच आपल्याकडे वर्षाची सरासरी धरून दिवसाला दहा ते बारा युनिट वीज देतो, आणि केंद्राच्या 2024 च्या सूर्यघर योजनेत त्यावर 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. गोव्याच्या घरांना काही खास अडचणी आहेत. घराभोवती माड असतात, आणि एका झावळाची सावली एका सौरपट्टीवर (पॅनेलवर) पडली तरी तिच्याशी जोडलेल्या सगळ्या पट्ट्यांची वीज घटू शकते. किनाऱ्यालगत खारा वारा सांगाडा गंजवतो, म्हणून साध्या लोखंडावर भागत नाही. जुन्या कौलांवर पट्ट्या बसवणे नाजूक काम आहे. पण गळती थांबवायला स्लॅबवर घातलेले पत्रे आता गावोगाव दिसतात, आणि त्यांचा सांगाडा भक्कम असेल तर पट्ट्यांना जागा तयारच असते.

पावसाळ्याचे काय, हा प्रश्न रास्त आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उत्पादन बरेच घटते. मात्र याच महिन्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कर्नाटकाच्या पठारावर वारा सर्वाधिक वाहतो, तिथल्या पवनचक्क्यांचा तोच मुख्य हंगाम असतो, आणि कोयना-शरावतीची धरणेही भरत असतात. म्हणजे गोव्याने आठ महिने स्वतःचे ऊन वापरावे आणि चार महिने शेजाऱ्यांचा वारा व पाणी विकत घ्यावे, असा व्यवहार निसर्गानेच सोपा करून ठेवला आहे. त्यासाठी बाहेरून येणाऱ्या वाहिन्या लागतीलच, आणि मी त्यांच्या सरसकट विरोधात नाही. पण त्या किती आणि कोणत्या मार्गाने, हे छपरांचा हिशेब झाल्यावर ठरावे. पेट्रोलला पर्याय म्हणून सुचवल्या जाणाऱ्या इथेनॉलबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे की ऊस आणि मका यांना जमीन आणि पाणी लागते, आणि गोव्यापाशी दोन्ही बेताचेच आहे.

एक अडचण मात्र तंत्राची नाही. ज्याचे स्वतःचे छप्पर आहे त्याचे वीजबिल उतरेल. पण वास्को-मडगावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे, किंवा चार मजली इमारतीत तळाला राहणाऱ्याचे काय? त्यांच्यासाठी सामायिक छपरे लागतील, आणि ती आपल्याकडे आहेत. पंचायतीची बाजारसंकुले आहेत, शाळा आहेत, आणि या फोंडा तालुक्यात तर देवस्थानांच्या अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या इमारती, आणि सभागृहे आहेत, ज्यांची छपरे मोठी आहेत आणि जी सहसा दिवसभर उन्हात असतात. मंदिराच्या मूळ वास्तूला हात लावू नये. अग्रशाळेवर आणि वाहनतळावर मांडव घालून पट्ट्या बसवाव्यात. तिथे तयार होणारी वीज गावातल्या अनेक मीटरांवर वाटून वजा करण्याची सोय वीज खात्याकडे मागावी, आणि तीच सोय भाडेकरूलाही मिळावी. आज या सभागृहात देवस्थान समित्यांचे सभासद बसले आहेत, पंच बसले आहेत. येत्या वार्षिक सभेत आपल्या छपराचे क्षेत्रफळ मोजून घेण्याचा ठराव आपण मांडावा, आणि चोडणसाठी पुढची फेरीबोट विकत घेण्याआधी ती विजेवरची का नाही, असा प्रश्न आपल्या आमदारांना लेखी विचारावा, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.